हलकी स्टँड-अप जेट स्की आणि मोठं इंजिन : पैसे आधी कुठे घालायचे

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेला, कॉलेजच्या रेसकार टीममध्ये कार्बनचं काम केलेला एक मुलगा. दुबईच्या मामाकडून त्याला जुनी यामाहा सुपरजेट मिळतेय, म्हणजे एका माणसाने उभं राहून चालवायची टू-स्ट्रोक जेट स्की. तिचा साचा काढून कार्बनचं हल, म्हणजे स्कीचं बाहेरचं अंग, बनवायचं, सगळी स्की १०० किलोच्या आत आणायची, आत बसून चालवायच्या स्कीचं ३०० एचपीचं सुपरचार्ज्ड इंजिन टाकायचं आणि रेसला उतरायचं. जमेल का, असं त्याने विचारलंय.

मी शारजात रेसिंग स्कीच्या वर्कशॉपला आहे, हल आणि पंप माझ्याकडे, इंजिनवाला माणूस वेगळा, पण टेस्टिंगला आम्ही दोघं एकत्रच पाण्यात असतो त्यामुळे त्याची पण बाजू माहितीये. तर भावा, सरळ सांगतो. हलकं हल जमेल. ताकद पण वाढेल. पण ३०० एचपी त्या हलमध्ये नाही जमणार, आणि समज कसंतरी कोंबलंस तरी ती ताकद पाण्यात उतरणार नाही. लोकं इंजिनवर पैसे ओततात, कार्बनवर ओततात, आणि या दोघांच्या मधे पाणी मागे फेकून स्कीला ढकलणारा जो पंप आहे तो मात्र दहा वर्षांपूर्वी जसा होता तसाच. मग स्टार्टला इंजिन किंचाळतंय आणि स्की जागेवरच, बाजूचा स्टॉक इंजिनवाला पहिल्या बॉयला, म्हणजे वळणाच्या खुणेसाठी पाण्यात तरंगत ठेवलेल्या फुग्याला, आधी पोचलेला असतो.

आधी आकडे मांडू, तुला इंजिनीयर म्हणून ते आवडतील. जुन्या टू-स्ट्रोक सुपरजेटचं कोरडं वजन १३९ किलोच्या आसपास. टाकी १८ लिटरची, भरली की पेट्रोलचे १३ किलो. तू स्वतः हेल्मेट, लाइफ जॅकेट, बूट धरून ८५ समज. झाले २३७. ७०१ सीसीचं स्टॉक इंजिन ७३ एचपीच्या घरात, म्हणजे किलोमागे ०.३१. आता कावासाकीची २०१७ पासूनची फोर-स्ट्रोक एसएक्स-आर घे. १४९८ सीसी, १६० एचपीच्या आसपास, पण स्कीचंच वजन २५० किलो, तू वर उभा राहिलास की ३३५, किलोमागे ०.४८. आणि तुझ्या मामाच्या सुपरजेटमधून ११० एचपी काढले आणि १२ किलो उतरवले तर? ११० भागिले २२५, ०.४९. म्हणजे ३०० लांबच राहिले, ११० मधेच तू दुप्पट इंजिनवाल्याच्या बरोबरीला आलास, वळणाला तर पुढेच, कारण हलकी स्की बॉयभोवती फिरवताना अंगाला जाणवतं.

टॉप स्पीडचं पण बघ. पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गात वाढतो, म्हणजे लागणारी ताकद वेगाच्या घनात. ताकद दुप्पट केली तर वेग दुप्पट नाही होत, १.२६ पट होतो. ताशी ८० ची स्की १०० ला जाईल, तेही पंपाने साथ दिली तर. प्लेनिंगवर, म्हणजे वेगात पाण्यावर उचलून घसरत, असलेल्या हलला हे गणित तंतोतंत लागू नाही पडत, पण अंदाज यायला पुरे. आणि बंद कोर्सवर सगळ्यात लांब सरळ पट्टा असतो किती? लाल बॉय डावीकडे, पिवळा उजवीकडे, मधे चार श्वास. रेस ठरते ती स्टार्टचा रबर बँड सुटल्यापासून पहिल्या वळणापर्यंत, कारण पहिला जो पोचतो त्याला सपाट पाणी मिळतं, मागच्यांना त्याने घुसळलेलं.

३०० एचपीवाली इंजिनं तीन नाहीतर चार सिलिंडरची, वर सुपरचार्जर, इंटरकूलर, त्याचे पाइप. सुपरजेट आहे २.२४ मीटर लांब, इंजिनची जागा दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोकसाठी केलेली. कावासाकीने मोठं इंजिन स्टँड-अपमध्ये घालायचं ठरवलं तेव्हा हलच २.६६ मीटरचं केलं, उगाच नाही केलं. छोट्या हलमध्ये एवढा टॉर्क एकदम दिलास तर शाफ्ट एका दिशेला फिरतो आणि स्की दुसऱ्या दिशेला कलंडायला बघते, कमी वेगात हे फार जाणवतं. ऑस्ट्रियाच्या हायड्रोस्पेसने फोर-स्ट्रोक टर्बो रेसिंग स्टँड-अप केली ती पण ७५० सीसी दोन सिलिंडरचं इंजिन घेऊन आणि हल त्याच इंजिनभोवती नव्याने काढून. तुला पुढे कधी नवं हल डिझाइन करायचं असेल तर तो रस्ता बघ. पहिल्याच बिल्डला नको.

हे सगळं खूळ तसं जुनं आहे. क्लेटन जेकबसन नावाचा अमेरिकन मोटोक्रॉसवाला, धुळीत पडून पडून कंटाळला आणि त्याला वाटलं पडायचंच तर पाण्यात पडू. त्याच्या कल्पनेवरून कावासाकीने १९७३ ला जेट स्की आणली, ४०० सीसी. आज त्याच प्रकारच्या स्की घेऊन लोकं लेक हवासूला, पटायाला रेस करतात, यूआयएम या पॉवरबोट रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या अॅक्वाबाइक स्पर्धेत स्की जीपी१ म्हणून वेगळा क्लास आहे.

आता पंप. सुपरजेटचा १४४ मिलिमीटरचा. गिअरबॉक्स नाही, क्लच नाही, इंजिन फिरेल तेवढाच इम्पेलर, म्हणजे पंपातला पात्यांचा पंखा, फिरतो, त्यामुळे इम्पेलरचं पिच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा, हाच तुझा एकमेव गिअर. धक्का मिळतो तो दर सेकंदाला मागे फेकलेल्या पाण्याचं वस्तुमान गुणिले पाण्याचा वेग वजा स्कीचा वेग यातून, हे सूत्र तुला येतच असेल. नॉझल, म्हणजे पाणी बाहेर पडायचं मागचं तोंड, बारीक ठेवलं की जेटचा वेग वाढतो, टॉप एंडला बरं, स्टार्टला मार बसतो. नॉझल थोडं बोअर केलं की पाणी जास्त, स्टार्ट जोरात, इंजिन हलकं पडून आरपीएम वाढतात. आम्ही मिलिमीटर मिलिमीटरने जातो, एकदम नाही, कारण कापलेलं अॅल्युमिनियम परत चिकटत नाही.

मामाकडे गेलास की पहिलं काम, पंप मागून उघड आणि फीलर गेज घेऊन इम्पेलरच्या पात्याचं टोक आणि त्याच्याभोवतीची वेअर रिंग (झिजली की बदलायचं कडं) यातली फट मोज. चार ठिकाणी, घड्याळाच्या १२, ३, ६, ९ ला, पातं हाताने फिरवत. ०.६ मिलिमीटर म्हणजे संपलं, रिंग बदल. रेसला ०.३ च्या आसपास हवी. चार ठिकाणी वेगवेगळी आली, वर ०.२ आणि खाली ०.५, तर रिंग घासली नाहीये, शाफ्ट नाहीतर बेअरिंग गेलंय नाहीतर इंजिनच खाली बसलंय. एका तरुण रायडरची स्की आमच्याकडे आली होती, मोठे कार्ब, नवीन हेड, पाइप, सगळं लावलेलं, आणि तक्रार एकच की पिकअप नाही. इंजिनला हातच लावला नाही. पंपाचा शू (पाणी पंपात नेणारा तुकडा) आणि हलचा टनेल (तळाचा बोगदा) यांच्या सांध्यातलं सिलिकॉन एका कोपऱ्याला सुटलं होतं, बोटाचं नख जाईल एवढं, तिथून हवा ओढत होता पंप. खरवडून, अॅसिटोनने पुसून परत सील केलं, रिंग बदलली, आणि पोरगा पाण्यातून येताना हसतच आला.

यात दोन आजार आहेत आणि लोकं दोन्हीला कॅव्हिटेशनच म्हणतात. एक, हवा ओढणं, म्हणजे सील गेलं किंवा लाटांवर स्की उडाली आणि इनटेक ग्रेट, म्हणजे पाणी आत घ्यायची तळाची जाळी, उघडा पडला. दुसरं, खरं कॅव्हिटेशन, पात्यावर दाब इतका कमी होतो की पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे होतात आणि ते फुटताना धातू खातात. ओळखायचं कसं? इम्पेलर काढून पात्याची पुढची धार बघ, तिथे बारीक खड्डे पडले असतील तर ते कॅव्हिटेशन, म्हणजे पिच किंवा आरपीएम त्या पंपाला झेपत नाहीये. धार चकचकीत आहे आणि तरी आरपीएम उडतायत, तर हवा कुठून येतेय ते शोध. लाटांच्या पाण्यात टॉप-लोडर ग्रेटने खूप फरक पडतो. राइड प्लेटचा, म्हणजे पंपाखालच्या पाटीचा, कोन पण याच भांडणात धरायचा, पट्ट्यावर नाक वरखाली डुचमळायला लागलं की प्लेटला शिम (पातळ पत्री) देऊन बघायचं, आधी तेच, मग बाकी.

आता हल. तुझा १०० किलोचा हट्ट सोड. वजन नेमकं कुठे असतं ते बघू. सुपरजेटची सगळी स्किन, तळ, डेक, टनेल, उभं राहायचा ट्रे मिळून साधारण पाच चौरस मीटर धर. २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) कार्बन, चार थर. हाताने रोलर मारून केलंस तर रेझिन कापडाच्या वजनाएवढं बसतं, चौरस मीटरला १.६ किलो, एकूण ८ किलो. तेच व्हॅक्यूम इन्फ्युजनने, म्हणजे हवा काढून रेझिन कापडात ओढून, केलंस तर १.२५-१.३, एकूण साडेसहा. म्हणजे पंप, पिशवी, पाइप, पील प्लाय या सगळ्या सर्कशीतून हाताला दीड किलो. इन्फ्युजन करूच नको असं नाही म्हणत, त्याने दर्जा सारखा येतो, कोरडे डाग राहत नाहीत, पण वजनासाठी म्हणून कर नको. त्यापेक्षा जेलकोट बघ, वरचा चकचकीत रंगाचा थर! अर्धा मिलिमीटर जेलकोट चौरस मीटरला सहाशे ग्रॅम, बाहेरून सगळीकडे मारलास की तीन किलो नुसत्या चकाकीचे. आणि जोडणीला भरलेली पुट्टी कोणी मोजतच नाही.

आणि सगळ्यात मोठं वजन तुझ्या मामाच्या स्कीत आधीच बसलेलं असेल. जुन्या हलमधला तरंगण्याचा फोम वर्षानुवर्षं पाणी पितो. पुढची हूक नाहीतर ट्रेमधले स्क्रू सैल झाले की तिथून हळूहळू. कागदावर १३९ किलोची स्की काट्यावर १५० दाखवते आणि लोकं म्हणतात काटा खराब आहे. आधी काट्यावर चढव, मग ट्रेच्या खाली एक भोक पाडून फोम दाबून बघ. पाणी आलं तर तो फोम खरवडून काढून बंद पेशींचा नवा भर. कार्बनला हात न लावता आठ-दहा किलो असेच जातात, आणि ते मागून जातात म्हणून स्की वळायला लगेच मोकळी होते. पण फोम अजिबातच काढून टाकायचा मोह नको, स्की पाण्याने भरली तरी बुडता कामा नये, नियम पण तेच सांगतात.

तरीही कार्बनचंच करायचं असेल, आणि तुझ्या वयात करावंच, तर हे लक्षात ठेव. तळ कडक हवा, वेगात तळ अर्धा मिलिमीटर जरी आत दबला तरी स्की वेगळीच वागते. तळाला फोम कोअर, म्हणजे कार्बनच्या थरांमधे फोमचा गाभा, घालणार असशील तर चांगल्या घनतेचा घाल, लाटेवरून आपटताना कोअरच कातरला जातो आणि वरून काहीच दिसत नाही. आम्ही एक जाड नाणं घेऊन तळावर इंच इंच टकटक करत जातो, चांगल्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी एकदम बद्द, भांड्याला चीर गेल्यासारखा. इंजिन माउंट, पंपाचे बोल्ट, हँडलपोलचा ब्रॅकेट, पुढची हूक, इथे कोअर नकोच, सॉलिड थर आणि आत इन्सर्ट, म्हणजे बोल्ट धरायला बसवलेला तुकडा. इन्सर्ट अॅल्युमिनियमचा असेल तर कार्बन आणि त्याच्यामधे काचेच्या कापडाचा एक थर घालायचाच, नाहीतर खाऱ्या पाण्यात कार्बन आणि अॅल्युमिनियमची बॅटरी होते आणि एका सीझनमध्ये इन्सर्टची पांढरी पावडर हाताला लागते.

दुसरं, पोस्ट क्युअर, म्हणजे सुकल्यावर परत तापवून रेझिन पक्कं करणं. खोलीच्या तापमानाला सुकवलेलं इपॉक्सी पन्नास-साठ डिग्रीला मऊ पडायला लागतं आणि काळं कार्बन उन्हात सहज त्याच्या वर जातं. इथे जुलैत ट्रेलरवर उघडं ठेवलेलं हल संध्याकाळी बघ, कापडाची वीण वर उमटलेली असते आणि तळाची रेघ पण सरळ राहत नाही. भट्टी विकत घ्यायची गरज नाही, पीयूएफ पॅनेलचा (उष्णता अडवणाऱ्या फोमच्या पाट्यांचा) डबा कर, आत हीटर, एक ब्लोअर हवा फिरवायला, दोन-तीन थर्मोकपल, आणि साच्यातच असताना हळूहळू चढवत ७०-८० ला काही तास धर. किती आणि किती वेळ ते रेझिनच्या डेटाशीटवर असतं, तेच पाळ. साचा पण तेवढं तापमान झेपेल असा हवा, पॉलिस्टरच्या स्वस्त साच्यात घालशील तर हलबरोबर साचा पण वाकेल. भोसरी-चाकणला ओव्हन भाड्याने देणारे पण मिळतील, विचारून बघ.

इंजिनचं आता थोडक्यात, कारण इथे पैसे असतील तेवढे खर्च होतात. सुपरजेटचं ७०१ म्हणजे ८१ बाय ६८, याच कुटुंबात ८४ बोअरचं ७६० येतं, स्ट्रोक तोच. रस्ता ठरलेला आहे, पाइप, हेड, कार्ब, रीड, पोर्टिंग, या क्रमाने. फ्रीस्टाइलवाले १००० सीसीच्या पुढची दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक घालतात पण त्यांना दोन मिनिटं उड्या मारायच्या असतात, तुला पूर्ण मोटो, म्हणजे रेसची अख्खी फेरी, टिकायचंय. स्क्विश, म्हणजे पिस्टन वर असताना कडेला त्याच्या आणि हेडच्या मधली फट, मोजायला सोल्डरची तार प्लग होलमधून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत घाल, पिस्टन वरून फिरव, चेपलेली तार व्हर्नियरने मोज, दोन्ही बाजूंना. १.० ते १.२ मिलिमीटर ठीक. साध्या पंपावरच्या पेट्रोलवर कॉम्प्रेशन १८० पीएसआयच्या वर नेऊ नको. पाइपमध्ये सोडलेलं पाणी हे पण ट्यूनिंगच आहे, पाणी जास्त तर पाइपमधला वायू थंड, आवाजाचा वेग कमी, पाइप खालच्या आरपीएमला काम करतो. पाणी कमी केलं की वरच्या. पाइपवरच्या त्या छोट्या स्क्रूंना लोकं सजावट समजतात.

भारतात चालवणार असशील तर एक गोष्ट जास्त महत्त्वाची. ई२० पेट्रोल. इथेनॉलमुळे मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं (उलटं ते रिच), जेटिंग बदलावं लागतं, आणि इथेनॉल पाणी ओढतं. स्कीच्या टाकीत पाणी नाही असं होतच नाही, मग खाली पाणी-इथेनॉलचा वेगळा थर बसतो, त्यात ऑइल नसतं, आणि पिकअप ट्यूब नेमकी खालीच. पिस्टन चिकटायला तेवढं पुरे. जमलं तर इथेनॉल नसलेलं इंधन शोध, नाही जमलं तर प्रीमिक्स (पेट्रोल-ऑइलचं मिश्रण) त्याच दिवशी बनव आणि उरलेलं टाकीत ठेवू नको. पहिल्या रनला सपाट पाणी बघून पूर्ण थ्रॉटल, मग लगेच लॅनयार्ड (मनगटाला बांधलेली इंजिन बंद करायची दोरी) ओढून इंजिन बंद, हेड काढ आणि पिस्टनचा माथा बघ. पोर्टजवळ कडेला धुतल्यासारखी स्वच्छ जागा दिसते, ती थोडी हवीच. अजिबात नसेल तर लीन, अर्धा माथा स्वच्छ असेल तर रिच. आणि कडेला कोणी टाचणीने टोचल्यासारखं दिसलं तर तिथेच थांब, ते डेटोनेशन आहे, मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटतंय, अजून एक राउंड मारून बघू असं म्हणू नको.

वजन कमी करायच्या बाकी जागा पटकन. शिशाची बॅटरी जाऊन लिथियम आयर्न फॉस्फेट, चार किलो. टोटल लॉस इग्निशनने, म्हणजे चार्जिंग काढून नुसत्या बॅटरीवर ठिणगी देऊन, फ्लायव्हील हलका होतो, आरपीएम झटकन चढतात, पण स्की लाटेवरून उडाली की तेवढेच झटकन वर पळतात, म्हणून रेव्ह लिमिटर नसेल तर ते लावूच नको. टायटॅनियमचे बोल्ट विसर, तेवढ्या पैशात दोन इम्पेलर येतात. पुढून जास्त वजन काढलंस की नाक उडायला लागतं, म्हणून काय काढलं त्याबरोबर कुठून काढलं ते पण वहीत लिही.

नवीन हलमध्ये इंजिन बसवताना अलाइनमेंटची घाई नको. कार्बनचं हल कडक असतं, जुन्या हलसारखं थोडं वाकून सांभाळून घेत नाही. शाफ्ट अर्धा मिलिमीटर बाजूला असला तरी कपलरचं (इंजिन आणि शाफ्टच्या जोडाचं) रबर चुरा होतं आणि मग क्रँकच्या सीलची पाळी. अलाइनमेंट टूल लाव, माउंटखाली शिम दे, बोल्ट टॉर्क करून परत तपास, कारण टॉर्क करताना इंजिन हलतंच.

आणि रेस म्हणतोस तर आधी क्लास ठरव आणि त्याचा रूलबुक वाच, काही क्लासमध्ये हल बदलायलाच बंदी असते, काहीत सगळं मोकळं. सहा महिने साच्यात घालवून मग कळायला नको. महाराष्ट्रात पाण्यात उतरवायची तर मेरिटाइम बोर्डाकडे आधी चौकशी कर, धरणावर नुसती घेऊन जाऊ नको, एवढ्या आवाजाची स्की लपत नाही.

आत्ता एवढंच कर. मामाला सांग स्की काट्यावर चढवायला, टाकी रिकामी करून. पंपाची चार मापं, दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, इम्पेलरवर कोरलेला नंबर, आणि पूर्ण थ्रॉटलला किती आरपीएम येतात ते. हे आकडे पाठव, मग कोणतं पिच आणि नॉझल किती बोअर करायचं ते सांगतो. तोवर कार्बनचं कापड विकत घेऊ नको.